कपातली खळ

कवळीवाले निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या निरोपाचं भाषण झालं नाही. त्यांच्या जागी आणलेलं यंत्र नेमकं तेव्हाच सुरू व्हायचं होतं आणि सगळे त्याच्याभोवती घोळका करून उभे होते. यंत्र दात छापायचं. कवळीवाल्यांनी उभं आयुष्य प्लास्टरचे साचे ओतण्यात, मेणात एकेक दात रोवण्यात आणि गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करण्यात घालवलं होतं. डॉक्टर दवाखान्याच्या दर्शनी खोलीत बसून नाव कमवायचे, कवळीवाले मागच्या खोलीत बसून लोकांच्या चावण्याची सोय करायचे. त्यांनी आपला एप्रन घडी करून पिशवीत घातला, यंत्राने छापलेली पहिली दाढ पाहिली, बरी आहे म्हणाले आणि घरी आले.

घरी त्यांना दिवसा राहण्याची सवय नव्हती आणि घरालाही त्यांची नव्हती. बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, तिची नोकरी अजून बाकी होती. ती सकाळी गेली की कवळीवाले आणि भिंती एवढेच उरायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. संध्याकाळी बायकोला साखर सापडेना. बिनतिकिटाचं पाकीट पुढे सरकवणाऱ्या माणसाशी ती ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात तिने सांगितलं की त्यांनी स्वतःला काहीतरी उद्योग लावून घ्यावा, आणि तो शक्यतो स्वयंपाकघराबाहेरचा असावा. त्यातलं पहिलं अर्धं त्यांच्या मनावर कोरलं गेलं.

उद्योग त्यांना पावात सापडला. पाकिटातल्या पावाशी त्यांचं जुनं वैर होतं. दातांना काही कामच उरत नाही, असं त्यांचं धंद्यातलं मत होतं. फोनवर त्यांना एक दाढीवाला दिसला, तो घरच्या घरी खमीर करत होता. पीठ घ्यायचं, तेवढंच पाणी घालायचं, बरणीत ठेवून द्यायचं. पिठात आणि हवेत जे अदृश्य जीव असतात ते त्यात घर करतात. रोज त्यातलं बरंचसं काढून टाकायचं, उरलेल्याला नवीन पीठपाणी खायला घालायचं. काही दिवसांनी ते फसफसून वर येतं आणि मग त्यावर पाव फुगतो. कवळीवाल्यांना हे फार आवडलं. वजन करायचं, कालवायचं, वाट पाहायची. यातलं त्यांना न येणारं काहीच नव्हतं.

अडचण एकच होती. कवळीवाल्यांना जंतू पाळायचे होते आणि जंतूंशी त्यांचा आयुष्यभर उभा दावा होता. त्यांनी बरणी उकळली. झाकण उकळलं. चमचा उकळून स्पिरिटने पुसला. पाणी उकळून गार केलं. डब्यातल्या मैद्यात एक किडा चालताना दिसला म्हणून त्यांनी सगळा मैदा ओव्हनमध्ये खरपूस तापवून घेतला. मग हातात मोजे घालून, तोंडाला फडकं बांधून त्यांनी पीठपाणी कालवलं आणि झाकण एवढं घट्ट आवळलं की दुसऱ्या दिवशी ते त्यांचं त्यांनाच उघडेना.

बरणीत काहीही झालं नाही. रोज पाहिलं तर पांढरा, शांत, सपाट लगदा. अशा लगद्यात कवळीवाल्यांचा जन्म गेला होता, फक्त तो लगदा निदान घट्ट तरी व्हायचा. त्यांनी रोज नेमाने निम्मा काढून टाकला, रोज नेमाने खायला घातलं. पुढे एके सकाळी कडेला नारिंगी बुरशी दिसली. त्यांनी सगळं फेकलं, बरणी पुन्हा उकळली आणि याखेपेस अधिक काळजी घ्यायची असं ठरवलं.

बायको हे सगळं येताजाता पाहत होती. तिचं स्वतःचं एक काम चाललं होतं. कपाटाच्या खणांमधला कागद जुना होऊन फाटला होता, तो काढून ती नवा चिकटवत होती. रोज कचेरीतून आल्यावर एक खण, दमली नसली तर दोन. त्यासाठी तिने एका कान तुटलेल्या कपात कणकेची खळ केली होती. शिजवायचा कंटाळा म्हणून कच्चीच. एका खणाला बरीचशी खळ संपायची. तळाशी राहायची त्यात ती मूठभर कणीक टाकायची, नळाखाली कप धरायची, बोटाने ढवळायची आणि कप खिडकीत कुंडीमागे ठेवून द्यायची. झाकणबिकण काही नाही.

एका संध्याकाळी ती खणाशी बसून कुरकुरायला लागली. कागद बसत नव्हता. चिकटवला की थोड्या वेळाने त्याला फोड यायचे. आधी तिने कागदाला बोल लावला, मग दुकानदाराला. शेवटी तिने नवऱ्याला हाक मारली. कवळीवाले आले, वाकले, फोडांवरून अंगठा फिरवला. साच्यात हवा राहिली की असंच होतं, हे त्यांना माहीत होतं. खळ नीट घोटली नसशील, असं ते म्हणाले आणि कपात डोकावले.

कपातली खळ काठाच्या वर आली होती. तिने घुमटासारखा फुगा धरला होता, आणि ते पाहत असतानाच त्यावरचा एक बुडबुडा सावकाश फुटला. वास आंबूस होता, पण वाईट नव्हता.

कवळीवाले बराच वेळ वाकलेलेच राहिले. बायकोला वाटलं, पाठीत उसण भरली.

“खळ आहे ती,” ती म्हणाली. “खराब झालीय. टाकून देते.”

“टाकू नकोस,” कवळीवाले म्हणाले.

जेवताना बायकोने दोनदा वाढायला विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नको, ते कळेना म्हणून तिने दोन्ही वेळा वाढलं. ताट उचलायच्या वेळी त्यांनी विचारलं, माझं काय चुकलं? तिला आधी वाटलं, हे यंत्राबद्दल आहे, आणि काय उत्तर द्यावं याची ती जुळवाजुळव करू लागली. मग त्यांनी बरणीकडे बोट दाखवलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

“तुम्ही त्या पिठाला आंघोळी फार घातल्यात,” ती म्हणाली. “बिचारं जगणार कसं?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपातलं खमीर उकळलेल्या बरणीत हलवायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. कप माझा, खळ माझी, असं बायकोचं म्हणणं होतं. हवं तर त्यातली चमचाभर घ्या, पण माझ्या कपाला काही उकळलेलं लावायचं नाही. कवळीवाल्यांनी चमचाभर घेतली. मोजे न घालता, बरणीतल्या पीठपाण्यात साध्या बोटाने ढवळली. त्यानंतर ते बोट त्यांनी दिवसभर जरा लांबच धरलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांचीही बरणी फसफसली. बायको दारात येते न येते तोच त्यांनी ती तिच्या नाकासमोर धरली. हातातली पिशवी खाली न ठेवता तिने वास घेतला आणि म्हणाली, माझीच आहे.

पहिला पाव विटेसारखा झाला. कवळीवाल्यांनी तो करवतीने कापला आणि आतला भाग बघून चुका टिपल्या. दुसरा पसरला. तिसऱ्याला मात्र रंग आला, साल तडतडली, कापल्यावर आत मोठमोठी भोकं दिसली. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिले. सगळ्या दाढांना काम होतं. बायकोने दोन तुकडे खाल्ले, तिसरा डब्यात घालून कचेरीत नेला. तिच्याकडून ही मोठीच पावती होती.

रविवारी त्यांनी अक्काला जेवायला बोलावलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. ती एकटी राहायची, बोलायची बेताचं, आणि कशाबद्दलही विचारलं तर ठीक आहे म्हणायची. तिच्या तोंडात वरची जी कवळी होती ती कवळीवाल्यांनी स्वतः केली होती आणि ते तिला आपलं सर्वांत चांगलं काम मानायचे. नव्या मुलांना शिकवताना उदाहरण तिचंच द्यायचे.

अक्काने पाव हातात घेतला, वास घेतला, सालीकडचा भाग पुढच्या दातांनी चावला. काड्कन आवाज झाला. साल कुरकुरीत झालीय, असं समजून कवळीवाले समाधानाने बायकोकडे वळले. अक्काने रुमाल तोंडाशी नेला. रुमालात कवळीचे दोन भाग होते.

कवळीवाल्यांनी दोन्ही तुकडे घेतले, उजेडात धरले, एकमेकांना लावून पाहिले. आपल्या पावाने आपली कवळी मोडली, यात नक्की कोणत्या कामाचा अभिमान सोडायचा हे त्यांना ठरवता येईना.

“इतकी वर्षं टिकली,” ते म्हणाले. “कधी तक्रार नाही.”

अक्का पावाचा आतला मऊ भाग सूपच्या वाटीत बुडवत होती. दात नसल्याने तिचा आवाज वेगळाच झाला होता, आणि कदाचित त्यामुळेच बोलणं तिला सोपं गेलं असावं.

“टोचायची ती,” अक्का म्हणाली. “डावीकडे. पहिल्या दिवसापासून.”

बायकोने चमचा खाली ठेवला. कवळीवाल्यांनी विचारलं, मग बोलली का नाहीस? अक्का म्हणाली, तू स्वतः ती बसवायला आला होतास. नवा शर्ट घालून आला होतास, बाळ्या. मी ठीक आहे म्हटल्यावर खिडकीपाशी जाऊन उभा राहिलास आणि डोळे पुसलेस. तेव्हा कसं बोलायचं? आणि नंतर मग सवय झाली. भात, केळं, सूप, असलं काही खाल्लं की भागायचं.

कवळीवाल्यांनी इतक्या वर्षांत अक्काकडे खाल्लेली जेवणं आठवली. सगळीच मऊ होती. अक्काचं पोट नाजूक आहे असं ते धरून चालले होते, आणि तसं ते लोकांना सांगतही आले होते.

ते उठले, माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. दोन्ही भाग जुळवून त्यांनी मधली फट गुलाबी लगद्याने भरली. घरभर दवाखान्यातल्या मागच्या खोलीचा तो जुना उग्र वास सुटला. नवऱ्याच्या कपड्यांना येणाऱ्या या वासावरून बायको त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडली होती. तिने निमूटपणे खिडकी उघडली आणि भांडी घासायला घेतली.

लगदा घट्ट झाल्यावर कवळीवाल्यांनी खुर्ची उजेडात ओढली, अक्काला बसवलं, कवळीला आतून पांढरा लेप लावला आणि तिच्या तोंडात बसवली. जिथे टोचतं तिथला लेप पुसला जातो, म्हणजे जागा कळते.

“कसं वाटतंय?” त्यांनी विचारलं.

“ठीक आहे,” अक्का म्हणाली.

“अक्का.”

अक्काने जरा विचार केला. “टोचतंय,” ती म्हणाली.

त्यांनी कवळी काढली, लेप पुसलेली जागा पाहिली, बारीक यंत्राने थोडंसं घासलं, पुन्हा बसवली. पुन्हा विचारलं. अजून टोचतं, अक्का म्हणाली. पुन्हा घासलं. त्यांच्या अंदाजाने आता काही राहिलं नव्हतं, पण त्यांनी आपला अंदाज बाजूला ठेवला आणि ती सांगेल तिथे घासत गेले. दुपारची उन्हं टेबलावरून सरकून फरशीवर आली. शेवटी अक्काने जबडा डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला, आणि तिच्या चेहऱ्यावर, काहीतरी विसरलंय पण काय ते आठवत नाही, असा भाव आला.

“गेलं,” ती म्हणाली.

या वेळी कवळीवाले खिडकीशी गेले नाहीत. त्यांनी पाव कापला. जरा बिचकतच, कडेचा, सालीसकटचा तुकडा दिला. अक्काने तो डाव्या बाजूने चावला. चांगला वेळ घेऊन, सावकाश, भाऊ आपल्याकडे बघतोय याची पर्वा न करता ती चावत राहिली. गिळल्यावर तिने तोंड पुसलं.

“मीठ कमी आहे,” अक्का म्हणाली.

कवळीवाल्यांनी मान डोलावली. अक्काने दुसरा तुकडा उचलला आणि पुढे बोलत राहिली. ही खुर्ची कंबरेला बरी नाही, मागच्या दिवाळीच्या आधीपासून सांगायचं होतं, खरं तर पहिल्यापासूनच बरी नाही. पडद्याचा रंग भिंतीला शोभत नाही. वाढदिवसाला दिलेली शाल अंगाला खाजते. बायको हात पुसत स्वयंपाकघरातून आली, अक्काच्या समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, अजून काय काय आहे ते सगळं सांगा, मी चहा टाकलाय.