मूठभर जुना भुसा

घट बसायचे दिवस जवळ आले की संयोगिताबाईंच्या अंगात यायचं. देवीचं नव्हे, धुण्याचं. पडदे, चादरी, पायपुसणी, काही म्हणता काही सुटत नसे. नवरा दोरीवर वाळत घालता येत नाही, म्हणून तो बिचारा वाचला.

यंदा घरात सून आली होती, मुरगूडची निशिगंधा. तिच्याबरोबर काचेच्या पेटीतून जिलबीही आली. जिलबी म्हणजे पाळलेला साप. परदेशी, बिनविषारी, सरकारदरबारी नोंद केलेला. पण साप तो सापच. पोराच्या हट्टापुढं बाईंनी हात टेकले होते.

खरी काळजी वेगळीच होती. सून जेवत नव्हती. भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताटात फिरवत बसायची. तिची आई चैत्रात गेली, ठरलेलं लग्न घाईनं उरकलं. ही पोर इथं रमते की निघून जाते, या विचारानं बाईंचा डोळा लागत नसे. मायेनं विचारायची सवय नव्हती, म्हणून त्या मोठ्यानं कामं सांगत.

आज त्या फिनेलची बाटली घेऊन पेटीकडं वळल्या.

"आत्ती, फिनेल नको," निशिगंधा धावत आली. "त्या वासानं जीव गुदमरतोय तिचा. मी करते की."

तिनं हात बाजूनं, हळूच आत नेला. वरून झडप आली की साप घाबरतो. जिलबीला सुती पिशवीत सोडून पिशवी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. पेटी कोमट पाण्यानं पुसली, कोरडी केली, नारळाचा नवा भुसा पसरला. आणि वर जुन्या भुशातली एक कोरडी मूठ टाकली.

बाईंचं डोकं फिरलं. "एवढं धुतलंस आन् घाण परत आत?"

"घाण न्हाय, आत्ती. तिचा वास हाय त्यात. समदंच नवं केलं की तिला आपलं घर वळखू येत न्हाय. दडून बसती, खायाचं सोडती."

पिशवीतून सुटलेली जिलबी जीभ काढत फिरली, जुन्या भुशापाशी थांबली आणि तिथंच वेटोळं घालून निवांत पडली. बाई बघत राहिल्या.

मग निशिगंधा आतून वाकळ घेऊन आली. तिच्या आईनं स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली. ती नाकाशी धरून पोर झोपायची, आणि धुवायला टाकत नाही म्हणून बाईंनी तिला कितीदा हटकलं होतं. धुण्याच्या गठुळ्यात ठेवायच्या आधी तिनं ती एकदा तोंडाशी धरली.

"घ्या, आत्ती. एवढीच ऱ्हायलीया."

बाईंनी एकदा पेटीकडं पाहिलं. त्यांनी वाकळ गठुळ्यातून ओढून काढली, घडी घातली आणि सुनेच्या हातात दिली.

"पर घट बसायच्यात की, आत्ती."

"देवी बी आईच हाय. तिला कळतंय," बाई म्हणाल्या. "मूठभर जुनं ऱ्हाऊ दे, पोरी."

त्या दुपारी निशिगंधानं दुसरी भाकरी मागितली. बाईंनी ती तव्यावरून थेट ताटात टाकली.