अळणी जेवणाचा नवस

नडियादच्या मुलींच्या वसतिगृहात मंगूबेन बावीस वर्षं रांधत होत्या. आषाढात गौरीव्रताचे पाच दिवस पोरी अळणी जेवत, जवाऱ्यांच्या, म्हणजे गव्हाच्या कोवळ्या कोंबांच्या, कुंड्या पूजत आणि सहाव्या दिवशी मिठाचं जेवून व्रत सोडत. यंदा सहाव्या दिवशी अकरावीतल्या ख्यातीने ताटावर हात आडवा धरला.

"मासी, मी आणखी पाच दिवस करणार. नवस आहे."

मंगूबेनना भरून आलं. भर पंगतीत त्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. "नाहीतर तुम्ही. सगळा जीव फरसाणाच्या डब्यात." दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी आणखी चौघी अळणी जेवायला बसल्या, चौथ्या दिवशी नऊ जणी झाल्या. बाई हवेत होत्या. पाच दिवस संपले, तरी नवस संपेनात.

मग एका दुपारी मोरीत ख्यातीची बांगडी सापडली. दिवाळीत हीच बांगडी साबण लावून चढवावी लागली होती. मंगूबेननी ती तिच्या हातात घातली, तर थेट कोपरापर्यंत गेली.

"काय गं, हाडं दाखव म्हणून देवीने सांगितलं का तुला?"

ख्याती खाली बघत म्हणाली, "एरवी सगळे विचारतात, का जेवत नाहीस. व्रत असलं की शाबासकी देतात. मला घासाची भीती वाटते, मासी."

मंगूबेनना स्वतःच्याच जिभेचा राग आला. गृहमाताबाईंना सांगून त्यांनी सकाळसाठी डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला. संध्याकाळी खिचडी-कढी केली आणि आपलं ताट घेऊन पंगतीत बसल्या.

"चूक माझी. कौतुक मीच केलं. ज्यांचं देवीसाठी आहे त्यांनी खुशाल अळणी जेवावं. ज्यांना जेवायचीच भीती वाटते त्यांनी माझ्याशेजारी यावं. रागावणार नाही."

ख्याती उठली. मग एकेक करत बाकीच्या आठही. अळणीच्या रांगेत देवीसाठी कोणी उरलंच नाही. तेवढ्यात धरा ताट घेऊन आली. पाच-पाच रोटल्या खाणाऱ्या धराला सगळे पहिलवान म्हणत.

"तुला काय झालं? तू तर चांगली जेवतेस."

"जेवते. मग न्हाणीत जाऊन ओकते."

तिच्यामागे आणखी तिघी उभ्या होत्या. जागा करता करता मंगूबेन भिंतीला टेकल्या. त्यांना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

ख्यातीच्या ताटात त्यांनी चमचाभर खिचडी वाढली. तिने अर्धा घास उचलला, बराच वेळ हातात धरला आणि तोंडात घातला. शाबास म्हणायला मंगूबेनची जीभ वळवळली. त्यांनी ती आवरली आणि आपला घास खाल्ला.