शंभराचा रोखा बासष्टला

आमच्या बाबांनी दोन महिने अगदी मन लावून गरिबी केली. गाडी झाकून ठेवली, कोपराला उसवलेला कोट बाहेर काढला आणि न्हाव्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत भेटेल त्याला सांगितलं, "कंपनी संपली हो." डॉक्टरांना तर तोंडात यंत्र असतानाच सांगितलं. त्यांना शब्द कळले नाहीत, तरी ते हळहळले.

सगळं आत्याला कमी द्यावं लागावं म्हणून. कंपनी निम्मी बाबांची, निम्मी या धाकट्या बहिणीची, आणि आता तिचा वाटा बाबा पैसे देऊन घेणार होते. कारखाना कधीच विकून झाला होता. उरल्या होत्या बँकेतल्या ठेवी, काही शेअर आणि लोकांना विकलेले कर्जरोखे, म्हणजे आमचं देणं. आत्या कृत्रिम डोळे बनवते. अकरा वर्षं एका दवाखान्याच्या जिन्याखाली बसून लोकांचे डोळे घासल्यावर तिला आता स्वतःची जागा हवी होती. जागा ठरली होती, मालकाने शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. वाटा पुरेसा निघाला तर जागा तिची, नाहीतर पुन्हा जिना.

वाटणीचा कागद बाबांनीच करून घेतला. "छापील किंमत नको, खरेदीची नको. एकतीस तारखेला बाजारात जी रास्त किंमत असेल ती. सगळ्याला!" शेअर पडलेले होते, म्हणून हा आग्रह. पण सही करताना ते इतके गंभीर होते की आत्याला वाटलं, दादा सुधारला.

किंमत ठरवायला मूल्यांकनवाल्या बाई आल्या. आवाज असा, की लिफ्टमध्ये बसून मजले सांगत असाव्यात. कंपनीचे हिशेब मी बघतो (मुलगा स्वस्त पडतो), त्यामुळे आठवडाभर त्यांचं काम समोरून पाहिलं. प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच प्रश्न: ज्याला घाई नाही आणि ज्याची तुमच्याशी ओळख नाही, असा माणूस त्या दिवशी याचे काय देईल?

एका कुलपांच्या कंपनीतले आमचे शेअर बाजारात विकलेच जात नव्हते. बाबा म्हणाले, "शून्य लिहा. कोण घेतंय?"

"शून्याला मी घेते," बाई म्हणाल्या.

मग बाईंनी तशाच दोन कंपन्या शोधल्या, त्या अलीकडे कितीला विकल्या गेल्या ते पाहून तीन दिवस आकडे मांडले. आत्या खूश झाली. चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी ते सगळं खोडलं.

"यातली एक मेहुण्याने मेहुण्याला विकलीय. ही किंमत नाही, हे नातं आहे."

नवा आकडा बराच खाली आला. आत्याने बोटांवर हिशेब केला. "बाई, मला थोडे कमी पडतायत हो."

"कळतंय मला," बाई हळूच म्हणाल्या. "पण मी गरज मोजायला आलेले नाही."

बाबांनी मान डोलावली. अशी तत्त्वाची माणसं हल्ली मिळत नाहीत, असंही म्हणाले. मग बाईंनी पान उलटलं. "आता देणी."

"त्यात काय मोजायचं? रोखा शंभराचा. देणं शंभर."

"एकतीस तारखेला बाजारात तो बासष्टला विकला गेला."

"बासष्ट? का?"

"कंपनी संपली अशी बातमी आहे. घाबरून सगळे विकतायत." बाईंनी बाबांच्या कोपराकडे पाहिलं. "कुणी उठवली, ठाऊक नाही."

"अहो, पण मुदत भरल्यावर मला शंभरच द्यायचेत!"

"द्या की. पण त्या दिवशी हेच रोखे बासष्टला परत घेता आले असते. तुमच्या कागदात 'सगळ्याला' लिहिलंय. शेअरला बाजारभाव आणि रोख्याला छापील भाव, असं कसं चालेल?"

देणं एका फटक्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त आटलं. ते वजा केल्यावर जे उरलं, ते टम्म फुगलं.

बाबा खुर्चीत बसले. "म्हणजे मी जितका रडलो, तितकी ही श्रीमंत झाली?"

"तुम्हीही झालात. निम्मे तुमचे. आणि ही वाढ कंपनीची पत घसरल्यामुळे आहे, हे मी अहवालात वेगळ्या ओळीत लिहिलंय. वाचणाऱ्याची फसगत नको."

आत्या डोळे पुसत हसत होती. "दादा, आणखी महिनाभर रडला असतास तर मी वरचा मजलाही घेतला असता रे!" आणि तिथूनच तिने जागेच्या मालकाला फोन लावला. गुरुवार होता.

बाबांनी सही केली. बाई गेल्यावर ते बराच वेळ अहवाल चाळत राहिले. एखाद्या पानावर थांबून, दाद द्यावी तसं "वा" म्हणायचे.

"पुढच्या वेळी या बाईंना आपल्या बाजूने बोलवायचं," ते म्हणाले.

"त्या कुणाच्याच बाजूने येत नाहीत, बाबा."

"अरे, म्हणूनच!"