झडप उपटली त्या दिवशी

त्या सकाळी लोखंडी चूल गार होती. रोसामेलने धुराच्या नळाचा खालचा तुकडा हिसडून सोडवला, आतली पत्र्याची गोल झडप हातोडीने ठोकून ठोकून बाहेर काढली आणि दारातून अंगणात भिरकावली. वाऱ्याने ती खडखडत पार कुंपणापर्यंत नेली.

"आता बघ वहिनी, चूल कशी श्वास घेते ती," तो म्हणाला. "हिवाळाभर तिचा गळा दाबून ठेवलास."

ओर्फेलिना कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिली. ती झडप तिने स्वतः कापली होती. तिचा बाप कास्त्रो गावात पत्र्याची कामं करायचा, त्याच्या हाताखाली ती वाढली. घर बांधलं लिसांद्रोने, तिच्या नवऱ्याने, आणि बांधलं तेही उघड्या टेकाडावर, का तर तिथून नदी दिसते म्हणून. पश्चिमेचा वारा सुटला की छपरावरचा नळ चुलीतला जाळ असा वर ओढायचा की ऊब सगळी आभाळात आणि लाकडाचा फडशा. मग ओर्फेलिनाने पिंपाच्या झाकणाची ताटली कापली, तिच्यातून सळई घातली, बाहेर मूठ बसवली. वारा वाढला की मूठ फिरवायची, ताटली आडवी होत जायची, जाळ शांत व्हायचा. पुरती बंद मात्र कधी करायची नाही, नाहीतर धूर घरात उलटतो. बारा वर्षं असंच चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी रानात झाड अंगावर पडून लिसांद्रो गेला, तरी चूल तशीच चालली.

मग एप्रिलमध्ये, तिकडचा हिवाळा तोंडावर असताना, त्याचा धाकटा भाऊ रोसामेल सीमेपलीकडून आला. वीस वर्षं परक्यांची मेंढरं राखून, उघड्यावर झोपून आला होता. थंडी त्याच्या हाडांतून निघतच नव्हती. पहिले काही दिवस ओर्फेलिनाला त्याची कीव आली. "दादाचं घर म्हणजे माझंही घर," असं म्हणून त्याने पलंग चुलीजवळ ओढला, आणि जूनमध्ये एकदा तिने मूठ फिरवली म्हणून चुलीचं लोखंडी झाकण तिच्या हातावर हाणलं. करंगळी मोडली ती वाकडीच जुळली. त्यानंतर तो मारायचं कारण शोधत बसला नाही.

"नळात डोकावून बघ तरी," ती आता म्हणाली. "सुकं लाकूड तू जुलैतच जाळून संपवलंस. तेव्हापासून ओलं जाळतोयस. आत बोटभर डांबर साचलंय. आज खरवडू दे, मग लाव तुला हवा तेवढा जाळ."

"झाली सुरू मास्तरीणबाई."

"रोसामेल, बाहेर वारा ऐक."

"तू माझं ऐक." त्याने नळ पुन्हा बसवला. सळईची दोन भोकं दोन्ही बाजूंनी उघडीच राहिली. मग तो पडवीत गेला आणि सरूच्या पातळ फळ्यांची मोळी घेऊन आला. छपरासाठी लिसांद्रोने स्वतः तासून ठेवलेल्या फळ्या होत्या त्या, आठ वर्षं वाळलेल्या.

"त्या नको," ती म्हणाली. आवाज चिरकला तिचा.

"मेलेल्या माणसाला छप्पर लागत नाही."

त्याने चूल ठासून भरली, जाळाला खालून वारा लागावा म्हणून राखेच्या खणाचं दार सताड उघडं ठेवलं, वाइनचा घडा मांडीवर घेतला आणि पाय पसरून बसला. जेवणवेळेपर्यंत नळ नुसता गुणगुणत होता. दुपारी वाऱ्याने जोर धरला आणि गुणगुण वाढत वाढत घोंघावू लागली. सळईच्या भोकांतून आतला केशरी उजेड दिसायला लागला. मग आत काहीतरी भसकन पेटलं, आणि सगळं घर हादरू लागलं. नळ खालून वर लाल होत गेला.

ओर्फेलिनाने धावत जाऊन राखेच्या खणाचं दार लाथेने बंद केलं. रोसामेल धडपडत उठला. चेहऱ्याचा रंग उडाला होता. त्याने पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको! लोखंडावर पाणी नको, फुटेल ते!"

"सरक!"

ती चुलीपुढे आडवी आली. त्याने भरली बादली तिच्या तोंडावर हाणली. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं, एक दात जिभेवर आला. तिने तो थुंकला. हाताला जाळ ढवळायची सळई लागली, ती तिने दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर घातली. तो ओरडला, पण बादली सोडली नाही, आणि उरलं होतं तेवढं पाणी त्याने चुलीवर फेकलं.

तोफ उडावी तसा आवाज झाला. चुलीवरचा ओतीव लोखंडी पत्रा मधोमध तडकला, एक तुकडा उडून खिडकीतून बाहेर गेला आणि वाफेचा लोट सरळ रोसामेलच्या हातांवर, मानेवर गेला. तो जमिनीवर गडबडा लोळू लागला.

तिला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. तड्यातून आता वारा आत जात होता. तिने राखेची पाटी उचलून त्या भेगेवर रिकामी केली, मांस खारवायच्या मिठाचं अख्खं पोतं जाळात ओतलं, कणकेचा गोळा तोडून सळईच्या भोकांत कोंबला. कणीक चरचरून काळी पडली, पण चिकटली. नळाचा आवाज बसू लागला. तेवढ्यात तिला वर धूर दिसला. नळ जिथून छतातून बाहेर पडतो, तिथल्या फळ्या धुमसत होत्या.

तिने कुऱ्हाड घेतली, टेबलावर चढली आणि नळाभोवतीचं छत तोडायला लागली. ठिणग्या केसांत पडत होत्या. दुसरी फळी निघाली, तिसरी निघाली, आणि पाठीमागून कुणीतरी तिचा पाय खेचला. ती टेबलावरून खाली आपटली. रोसामेल तिच्या छातीवर बसला. त्याच्या तळहातांची कातडी लोंबत होती, तरी त्याच हातांनी त्याने तिचा गळा धरला.

"माझे हात खाल्लेस तू, सटवे! माझे हात!"

"घर... पेटतंय..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"पेटू दे! दोघंही जळू!"

तो खरंच बोलतोय हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तिने गुडघा वर मारला, तो कलंडला, भाजलेल्या हातांवर पडला आणि कळवळला. ती उठली. तोही उठायला लागला. तिने कुऱ्हाड फिरवली, पात्याची बाजू नाही, मागची बोथट बाजू, आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर घातली. हाड फुटलेलं तिला हातात जाणवलं. तो पुन्हा उठायला बघतोय असं तिला वाटलं, म्हणून तिने दुसरा घाव घातला. मग ती टेबलावर चढली आणि चौथी फळी तोडली.

नदीपलीकडच्या बाल्दोमेरो ओयार्सूनने छपरावर पुरुषभर ज्वाळा पाहिली आणि घोडा नदीत घातला. तो आला तेव्हा ती घागरीतलं पाणी जळक्या लाकडांवर मारत होती. तो शिडी लावून छपरावर चढला. ओल्या मेंढीच्या कातड्याने नळाचं तोंड बंद करून वाऱ्यात पोटावर पडून राहिला, जाळ विझेपर्यंत.

खाली आल्यावर त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग कण्हणाऱ्या रोसामेलकडे.

"याला काय झालं?"

"मी मारलं."

बाल्दोमेरोने टोपी काढली, पुन्हा घातली. "बैलगाडी आणतो," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी चौकीवरचा सार्जंट आला. वाटेत बाल्दोमेरो त्याला म्हणाला होता की रोसामेलच्या गुडघ्यावर वरून वासा पडला. सार्जंटने छत पाहिलं, कुऱ्हाड पाहिली, आणि टाके घातलेल्या ओर्फेलिनासमोर वही उघडली.

"वासा पडला म्हणतात, बाई."

"वासे सगळे जागेवर आहेत, मोजा. गुडघा कुऱ्हाडीने मोडला मी. दोनदा मारलं."

"दोनदा कशाला?"

"पहिल्यानेच भागलं होतं बहुतेक," ती म्हणाली. "पण मला भीती वाटली."

सार्जंटने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

नोव्हेंबरात तिला न्यायाधीशापुढे उभं केलं. रोसामेल कुबडी घेऊन आला होता, हात गुलाबी चकचकीत, बोटं आखडलेली. तो म्हणाला, बाई वेडी आहे, उगाच अंगावर आली. न्यायाधीशाने तिला हात दाखवायला सांगितलं. तिने वाकडी करंगळी पुढे केली, मग ओठ उचलून दातांची खिंड दाखवली. बाल्दोमेरोने शपथेवर सांगितलं की जूनपासून त्याने या बाईच्या तोंडावर पाच वेळा वळ पाहिले आणि पाचही वेळा मान फिरवली. दुपारपर्यंत तिला सोडून दिलं. रोसामेलला घरापासून लांब राहायची ताकीद मिळाली.

बाहेर पायऱ्यांवर तो तिला आडवा आला. ती दोन पावलं मागे सरली.

"वहिनी," तो म्हणाला, "मला आता बटणसुद्धा लावता येत नाही."

त्याच्या सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी होती आणि वारा गार होता. ओर्फेलिनाने त्याच्या छातीकडे पाहिलं. बाल्दोमेरो मध्ये यायला निघाला, तिने त्याला हाताने थांबवलं. पुढे होऊन तिने तिन्ही बटणं लावली, गळ्यापर्यंत.

"आता जा," ती म्हणाली. "आणि परत येऊ नकोस."

तो कुबडी टेकत उतारावरून गेला. ती तिथेच पायरीवर बसली, आणि घराकडची गाडी सुटायची वेळ झाली तरी तिला उठवेना.