सुनेच्या वाडग्यातलं लाल पाणी

"खुनी! खुनी!" बेकरीच्या अंगणात दोनशे माणसं ओरडत होती आणि मी, ठाण्यातला साधा शिपाई, बेकरीवाल्याच्या सुनेला पाठीशी घालून उभा होतो.

म्हातारा बेकरीवाला दोन दिवसांपूर्वी भट्टीसमोरच कोसळून मेला होता. धाकट्या मुलाने लगेच सत्यबाबाला आणलं. बाबाने घरच्या पाच जणांपुढे पाण्याचे पाच वाडगे मांडले. शिष्याने एकेकाचे तळहात रुमालाने पुसले. चौघांचं पाणी जसंच्या तसं. थोरल्या, विधवा सुनेने हात बुडवले मात्र, पाणी लाल!

"विष कालवणारे हात!" बाबा गरजला. "माणूस खोटं बोलेल, पाणी बोलणार नाही!"

पाणी बोलत नव्हतंच, बडबडत होता तो हा भोंदू. शिष्याने तिच्या वेळी दुसऱ्या खिशातून रुमाल काढलेला मी पाहिला होता. मी दोन्ही रुमाल आणि पाचही वाडग्यांतलं पाणी जप्त केलं.

"आता पाण्यालाही बेड्या घालणार का?" साहेब करवादले, पण प्रयोगशाळेच्या पत्रावर सही केली.

प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या कारकुनाने आधी सील तपासलं, मग नंबर टाकले. "संशय कुणावर, ते सांगू नका. आत कुणाला कळता कामा नये." शवविच्छेदनात काढलेले अवयव विष शोधणाऱ्या विभागात गेले, पाणी आणि रुमाल रसायन विभागात. बोटांचे ठसे, हस्ताक्षर, रक्त, बंदुकीच्या गोळ्या, प्रत्येकाची खोली वेगळी.

"एवढे लोक कशाला, बाई?" नंतर, अहवाल हाती आल्यावर, मी रसायनवाल्या बाईंना बाबाची हकीकत सांगून विचारलं.

"एकट्याला सगळं कळतं म्हणणारा तुम्हाला भेटलाय ना? काय दिवे लावले त्याने?"

अहवालाला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत लोकांच्या दगडांनी सुनेच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. तिच्या लेकीला शाळेत कुणी शेजारी बसू देईना.

अहवालात विषाचा मागमूस नव्हता. डॉक्टरांना हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली सापडली होती. साहेबांनी बाईंना अंगणात बोलावलं, बाबाला आणि शिष्यालाही आणलं.

"जप्त केलेलं सगळं सीलबंदच आहे. ही पावडर माझी," बाई म्हणाल्या. त्यांनी साध्या पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला आणि बाबाच्या तळहातांना चिमूटभर पांढरी पावडर चोळली. "बुडवा हात."

"मी सिद्ध पुरुष आहे!"

"मग घाबरता कशाला?"

साहेबांनी वाडगा त्याच्यापुढे सरकवला. बाबाने हात बुडवले. पाणी लाल!

"कुणाचा खून केलात, बाबा?" मागून कुणीतरी विचारलं.

"नीट बघा, हा गडद गुलाबी रंग आहे. रक्त असं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "ही पावडर पूर्वी जुलाबासाठी देत. सोड्यात पडली की रंगते. पाचही वाडग्यांत सोडा होता, पावडर मात्र एकाच रुमालावर." मग त्यांनी वाडग्यात लिंबू पिळलं. पाणी पुन्हा नितळ. "झालं. बाबांचं पाप फिटलं!"

शिष्याने तिथेच घडाघडा सगळं कबूल केलं. धाकट्याला सुनेचा वाटा न देता बेकरी एकट्याला हवी होती, त्यानेच हा खेळ ठरवला होता. बाबा आणि धाकटा, दोघांनाही आम्ही गाडीत घातलं.

दगड मारणारे आता हात जोडून सुनेपुढे आले. "चुकलं आमचं, वहिनी."

"हात जोडू नका," ती म्हणाली. "उद्या दुसरा बाबा येईल, दुसऱ्या बाईकडे बोट दाखवेल. तेव्हा दगड उचलण्याआधी त्याच्याकडे पुरावा मागा."