ब्रॅडॉक काउंटीची एकशे सात माणसं

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात खतिजा शिकलगारनं एकोणीस वर्षं भूगोल शिकवला, तोही तासिकेवर. दर जूनला नवा अर्ज आणि दर एप्रिलला घरी. कायम करू म्हणणारे तीन प्राचार्य एकामागून एक निवृत्त झाले, आणि शेवटी मुलं मिळेनात म्हणून भूगोलाचा वर्गच बंद झाला. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. नवरा ख्वाजा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, फौंड्रीत सुपरवायझर होता. घराचं अडत नव्हतं. पण सकाळी आवरून जायला ठिकाण नाही, हे तिला सोसेना.

अशात राजवर्धनचा फोन आला. हा तिचा जुना विद्यार्थी. बारावीला दोनदा गचकलेला, तिच्याच घरी यादवनगरात बसून नकाशे वाचायला शिकलेला. आता त्यानं राजारामपुरीत ऑफिस थाटलं होतं. परदेशातल्या लोकांना उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करून द्यायचे, असा धंदा. हाताखाली बारा पोरं होती. "मॅडम, ही पोरं रेघा चांगल्या ओढतात," तो म्हणाला, "पण जमीन वाचणारं माणूस माझ्याकडं एकबी न्हाय. तुम्ही याच." खतिजानं त्या दिवशी शेजारच्या बायकांनाही सांगितलं, की आपल्या विद्यार्थ्यानं आपल्याला बोलावलंय. तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर झाली.

काम होतं अमेरिकेतल्या टेक्सासच्या पश्चिमेकडच्या एका काउंटीचं. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, नाव ब्रॅडॉक. आकारानं करवीर, कागल आणि राधानगरी हे तीन तालुके एकत्र केल्यावर होतील साधारण तेवढी, आणि एवढ्या मुलखात राहणारी माणसं एकशे सात. वर्षाचा पाऊस अकरा इंच. खतिजाचं माहेर राधानगरीचं. तिथं असा पाऊस जुलैतल्या दोन दिवसांत पडून जातो. झाड म्हणावं असं काही नाही, खुरटी काटेरी झुडपं आणि पांढुरकी माती. त्या मातीवर तीन हजारांच्या वर तेलाच्या विहिरी. वरून बघितलं की कुणी चौकोनी ठिगळं लावलेली गोधडी अंथरल्यासारखं दिसायचं. दिवसा हजारो कामगार तिथं ट्रक घेऊन येत, कंपनीच्या छावणीत पंधरवडा काढत आणि निघून जात. त्यांची नोंद तिथल्या रहिवाशांत नव्हती.

राजवर्धननं तिला सांगितलं, की तिथं पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन टाकायची आहे. कुठल्या घरात माणसं कायमची राहतात आणि कुठली घरं रिकामी आहेत, ते ठरवून द्यायचं. खतिजा कामाला भिडली. घराला पांढरी टाकी आहे का, टाकीपर्यंत गाडीच्या चाकोऱ्या ताज्या आहेत का, मार्चच्या फोटोत दोरीवर कपडे होते ते जूनच्या फोटोत का नाहीत, हे सगळं ती बारकाईनं बघे आणि आपल्या सवयीनं एका दोनशे पानी वहीत मराठीत लिहून ठेवी. घरामागं एक पान. पोरं हसत. तिनं त्यांना हसू दिलं.

पण फोटोवरून सगळं कळत नाही. म्हणून राजवर्धननं गिऱ्हाइकाकडून आलेली बावीस प्रश्नांची यादी तिच्या हातात दिली आणि तिथल्या लोकांना फोन करायला सांगितलं. आपल्याकडं सकाळचे साडेसहा म्हणजे तिकडं आदल्या दिवशीचे संध्याकाळचे आठ. चहा गॅसवर चढवून ती घरूनच फोन लावी. पाण्याच्या योजनेसाठी बोलतेय, असं सांगे. बऱ्याच जणांनी तिचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच फोन ठेवले. डोरीननं ठेवला नाही.

डोरीन एकाहत्तर वर्षांची विधवा. शेळ्या पाळायची, आणि पिण्याचं पाणी पन्नास मैलांवरून स्वतः गाडी चालवत आणायची, कारण तिच्या विहिरीचं पाणी खारट होतं. पाण्याची चौकशी करायला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी फोन केला, असं ती म्हणाली. मग दर दोन-चार दिवसांनी दोघींचं बोलणं होऊ लागलं. खतिजाला तिच्याकडून तिथलं राजकारणही कळलं. न्यायाधीश, शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, खजिनदार, सगळी पदं एकाच घराण्यात. तेलावरच्या कराचा काउंटीकडं ढीग, पण नळ नाही. शाळेत सातच मुलं उरली म्हणून शाळा बंद केली. त्यामुळं लहान मुलं असलेली कुटुंबं सोमवार ते शुक्रवार शेजारच्या काउंटीत खोली घेऊन राहत आणि शनिवारी घरी येत. डोरीन स्वतः जुलै-ऑगस्टमध्ये, विहीर पार आटली की, शेळ्यांसकट बहिणीकडं जाई. मागची निवडणूक पाच मतांनी ठरली होती. या वेळी डोरीनचा मुलगा उभा राहणार होता, नळ आणि शाळा याच दोन गोष्टींसाठी.

खतिजानं हे सारं वहीत लिहिलं आणि अहवालातही घातलं. चौतीस घरांपुढं तिनं स्पष्ट शेरा मारला: घर बंद दिसते, पण कुटुंब इथलेच आहे, कारण शाळा, किंवा कारण पाणी. अहवाल राजवर्धनकडं गेला. त्यानं तो चाळला, "एक नंबर झालंय मॅडम," म्हणाला आणि सगळ्या ऑफिसला मिसळ खिलवली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सहाच्या सुमाराला, डोरीनचा फोन आला. आजवर फोन नेहमी खतिजाच करायची. डोरीनचा आवाज सपाट होता. काउंटीतल्या एकोणीस जणांची नावं मतदार यादीतून निघाली होती. ते इथं राहत नाहीत, असं कारण. जुलैत आणखीही बऱ्याच घरी नोटिसा आल्या होत्या, काहींनी उत्तर दिलं. या एकोणीस जणांच्या विहिरी आटलेल्या, घरात कुणी नव्हतं, मुदतीत उत्तर गेलं नाही. डोरीनचं नाव गेलं होतं, मुलाचं आणि सुनेचंही. त्यांच्या वकिलानं पुरावा मागितला तेव्हा एक तक्ता मिळाला. त्याच्या तळाशी पाहणी करणाऱ्याचं नाव होतं, के. शिकलगार.

खतिजा म्हणाली, मी पाण्यासाठी विचारलं होतं. मला तेच सांगितलं होतं.

"एक सांग," डोरीन म्हणाली. "नातवंडं कुठल्या शाळेत जातात, असं तू विचारलं होतंस. मला वाटलं, तू शिक्षिका आहेस म्हणून विचारतेस. तो प्रश्न तुझा होता, की तुला लिहून दिलेला?"

खोटं बोलता आलं असतं. खतिजाच्या डोळ्यांपुढं ती यादी आली. "लिहून दिलेला," ती म्हणाली. "चौदावा."

मग फोन बंद झाला.

ऑफिसात निशिगंधा नावाची मुलगी तिच्या शेजारी बसायची. खतिजानं तिला अंतिम फाइल उघडायला लावली. तिनं घाबरत उघडली. त्यात घर क्रमांक, मालकाचं नाव आणि शेवटी एकच रकाना होता: वास्तव्य, होय किंवा नाही. शेरे सगळे गायब. चौतीसच्या चौतीस घरांपुढं 'नाही'. फाइलवरची तारीख मिसळ खाल्ली त्याच दिवसाची होती.

ती थेट राजवर्धनच्या केबिनमध्ये गेली. त्यानं खुर्ची पुढं केली, ती बसली नाही. त्यानं काही नाकारलं नाही, हेच तिला जास्त लागलं. गिऱ्हाईक म्हणजे तिथल्या त्या घराण्याचा निवडणूक सल्लागार होता आणि राजवर्धनला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना होय-नाही हवं होतं, शेरे नको होते. पाइपलाइनची गोष्ट त्यानं स्वतःच रचली होती.

"कशासाठी?" तिनं विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर ते लोक बोललेच नसते," तो म्हणाला. "आणि मॅडम, तुम्हीपण केलं नसतं. माझी पोरं फोन करायची तर समोरचे शिव्या घालायचे. तुमचा आवाज मास्तरणीचा हाय, लोकांना विश्वास वाटतो. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

जमीन वाचणारं माणूस हवं म्हणून त्यानं बोलावलं, असं ती वर्षभर सगळ्यांना सांगत आली होती. तिला एकदम सगळं अंग उघडं पडल्यासारखं झालं. राजवर्धन पुढं समजूत काढत होता: सात समुद्रापलीकडची माणसं, आपलं त्यांच्याशी काय देणंघेणं, मनाला लावून घेऊ नका. ती निघताना त्यानं गोड आवाजात आठवणही करून दिली, की कामाला लागताना गुप्ततेच्या करारावर तिनं सही केलीय, आणि ऑफिसातला कागद बाहेर गेला तर गोष्ट कोर्टात जाईल.

तो करार तिनं वाचला नव्हता. विद्यार्थ्यानं पुढं केलेला कागद काय वाचायचा, म्हणून हसत सही केली होती.

घरी येऊन तिनं ख्वाजाला सांगितलं. ख्वाजा पाळी संपवून आला होता, हातपाय धुऊन तसाच ओट्यापाशी उभा राहिला. त्यानं आधी राजवर्धनला दोन शिव्या हासडल्या. या पोरानं आपल्या घरी महिनाभर जेवण केलंय, हे त्याला राहून राहून आठवत होतं. पण कोर्ट या शब्दाला तोही भ्याला होता.

"ती वही कुणाची?" त्यानं शेवटी विचारलं.

"माझी. दुकानातनं मीच आणली. अक्षर माझं."

"मग तुझ्या अक्षरात काय लिवलंय ते तू सांगू शकतीस की. त्या बाईला धाडून दे. न्हायतर तुला झोप लागायची न्हाय आनि मलाबी तू लागू देणार न्हाईस."

तिनं दोन दिवस खपून चौतीस पानांचं इंग्रजी केलं, मूळ पानांचे फोटो काढले, प्रत्येक पानावर सही केली आणि डोरीनच्या वकिलाला पाठवून दिलं. राजीनामा त्याच दुपारी निशिगंधाच्या हाती दिला. राजवर्धनची नोटीस आठवड्यानं आली. तिनं ती ख्वाजाच्या कपाटात ठेवली.

ऑक्टोबरात सुनावणी झाली. आपल्याकडं संध्याकाळ होती. खतिजा इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपसमोर बसली, ख्वाजा दाराशी स्टुलावर. विरुद्ध बाजूच्या वकिलानं तिला फारसं छळलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, की तुम्ही ब्रॅडॉक काउंटीत कधी आला होता का. ती नाही म्हणाली. या एकोणीस जणांपैकी कुणाला प्रत्यक्ष पाहिलंय? नाही. पाण्याची योजना आहे, असं सांगून माहिती तुम्हीच काढली? हो. मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?

ती म्हणाली, "माझ्यावर ठेवू नका. वही वाचा. मला फसवलंय हे कळायच्या आधी ती लिहिलीय."

पडद्यावर एका चौकोनात डोरीन होती. खतिजानं तिला पहिल्यांदाच बघितलं. पांढरे केस घट्ट मागं बांधलेले, निळा शर्ट, उन्हानं रापलेली मान. सुनावणीभर तिनं आपल्यासमोरच्या पडद्याकडं मान वळवल्याचं दिसलं नाही.

न्यायाधीश बाहेरच्या काउंटीतून आले होते. त्यांनी अकरा नावं परत घ्यायला लावली. डोरीनचं त्यात होतं. आठ नावांच्या बाबतीत वहीपलीकडं दुसरा पुरावा नव्हता. डोरीनचा मुलगा आणि सून त्या आठांत होते. ज्याचं स्वतःचं नाव यादीत नाही त्याला उभं राहता येईना. त्याच्या जागी आयत्या वेळी दुसरा कुणी तरी उभा केला, तो तीन मतांनी पडला. हे खतिजानं तिथल्या बातमीत वाचलं. वकिलाचं एका ओळीचं आभाराचं पत्र आलं. तिनं डोरीनला दोनदा लिहिलं, तिसऱ्यांदा लिहायला बसली आणि पुसून टाकलं. त्या बाईनं माफ करावंच, असं मागण्याचा हक्क आपल्याला नाही, हे तिला कळत होतं. तरी सकाळी साडेसहाला हात फोनकडं जायचा.

राजवर्धन कोर्टात गेला नाही. गेला असता तर गिऱ्हाइकाचं नावच चव्हाट्यावर आलं असतं. दिवाळीनंतर त्याचा सत्कार झाला, तिच्याच जुन्या कॉलेजात, तरुण उद्योजक म्हणून. भाषणात त्यानं 'मला घडवणाऱ्या शिकलगार मॅडम' असं म्हटल्याचं तिला तिथल्या तिघींनी फोन करून सांगितलं. खतिजानं तिघींनाही बरं म्हटलं.

जानेवारीपासून ती वारणानगरला एका क्लासमध्ये शिकवायला जाऊ लागली. पहाटेची एसटी, दुपारी परत. एका दुपारी दारात कसल्याशा पाहणीची मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म, घामाघूम झालेली. खतिजानं तिला आत घेतलं, पाणी दिलं, पंखा लावला. मग तो फॉर्म मागून घेतला आणि चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचला, तळाची बारीक अक्षरंसुद्धा. मुलगी चुळबुळत बसली होती.

"मॅडम, साधंच आहे," मुलगी म्हणाली. "घरात माणसं किती, एवढंच."

"हे कुणासाठी आहे?" खतिजानं विचारलं.

"तालुक्याच्या पाण्याच्या योजनेसाठी, असं आम्हाला सांगितलंय."

खतिजानं चष्मा काढला. मुलीचा चेहरा सरळ होता. जे सांगितलं गेलं तेच ती सांगत होती. "तुला कुणी सांगितलं, त्याचं नाव आणि फोन नंबर इथं लिही," खतिजा म्हणाली आणि पेन तिच्यापुढं ठेवलं. मुलीला नंबर माहीत नव्हता. विचारून येते, असं म्हणून ती उठली, चपला घातल्या आणि गेली. ती परत येते का, हे बघत खतिजा बराच वेळ दार उघडं ठेवून बसली. मुलगी काही आली नाही.