तीस सेकंदांची सरासरी

कागद गिरणीतल्या बॉयलरचा भोंगा उठसूट बोंबलायचा. दाबाच्या सेन्सरकडून दर सेकंदाला एक आकडा येई. पंप जरा थरथरला की एखादा आकडा टुणकन उडी मारी, आणि भोंगा सुरू. यंत्रांचे हे सगळे सिग्नल सांभाळणारी तंत्रज्ञ पार वैतागली होती. तिचा थोरला भाऊ त्याच बॉयलरवर कामाला होता. त्याचे तर कान किटले होते.

"तुझ्या त्या रडूबाईला गप्प कर की गं एकदा," तो म्हणाला. "धड जेवू देत नाही मला."

तिने उपाय केला. उपाय साधाच: एकेका आकड्यावर विश्वास न ठेवता शेवटच्या तीस आकड्यांची सरासरी धरायची. पडद्यावरची दातेरी रेघ इस्त्री केल्यासारखी झाली. साहेबांनी पाठ थोपटली. सरासरीने खबर उशिरा लागते हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पडद्याला सरासरी आणि भोंग्याला कच्चे आकडे, असे दोन वेगळे रस्ते ठेवायचे असतात. पण डोकं उठवत होता तो भोंगाच. तिने दोघांनाही सरासरीच जोडली.

"आता तो उगाच ओरडणार नाही, दादा. ओरडला की मात्र हातातलं टाकून पळायचं. तोवर निर्धास्त राहा."

पाच महिने सगळे खूश होते. मग एका सोमवारी सकाळी वाफेची नळी फुटली आणि दादा गेला.

चौकशीच्या टेबलावर तीच गुळगुळीत रेघ आली. दाब सावकाश चढताना दिसत होता. एवढा वेळ चढत होता, तरी पडद्यासमोरचा माणूस जागचा हलला नाही. म्हणजे डुलकी लागली असणार, असं साहेबांनी लिहून टाकलं. मेलेला माणूस काय बोलणार? वहिनीलाही ते पटलं. आदल्या रात्री दादा मॅच बघत जागला होता. चार दिवस ती रडत कमी होती आणि चिडत जास्त.

कच्चे आकडे यंत्रात आठवडाभर राहतात, मग आपोआप पुसले जातात. बहिणीने नुसतं गप्प बसायचं होतं. तीन दिवस तीन युगांसारखे गेले असते, पण गेले असते. पाचव्या दिवशी तिने ते आकडे छापले आणि तडक वहिनीच्या स्वयंपाकघरात गेली.

"हा खरा दाब. एका सेकंदात वर गेला. आणि भोंगा इथे वाजला, नळी फुटतानाच. मधे अठरा सेकंद आहेत, वहिनी. ते मी खाल्ले."

वहिनीने दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

"दारापर्यंत किती लागतात?"

"पाच. फार तर सहा."

"म्हणजे हे जागे होते?"

"जागा होता. भोंग्याची वाट बघत असेल. मीच सांगितलं होतं त्याला."

वहिनी खाली बसली. "चार दिवस शिव्या घालतेय मी ह्यांना. पोरीसमोर." मग कागदांची घडी करून तिने नणंदेच्या हातात दिली.

"उद्या चौकशीत सांगशील हे? सगळ्यांसमोर?"

"सांगेन."

"सांग. पोरीला मी सांगते." ती उठून दाराशी गेली आणि दार उघडून उभी राहिली. "आणि त्यानंतर या घरात येऊ नकोस."